बंद खोलीतला माझाच आवाज

रेणुकाला ती खोली मी सुचवली. सुरुवात इथूनच करते, कारण आजारपणाच्या सव्वा वर्षात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असं कुणी विचारलं, तर उत्तर ऑपरेशन नाही, केमो नाही, रिपोर्टही नाही. रेणुका त्या खोलीत राहायला येणार होती, आणि तिला तिथे बोलावणारी मी होते.

रेणुका म्हणजे मला केमो देणारी नर्स. ती पुढे येईलच. आधी खोली.

खोली

राजाजीनगरात आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. तळमजला आमचा आणि वर घरमालकीण पद्माक्का. प्लॉट उताराचा असल्यामुळे मागची खोली तीन पायऱ्या उतरून होती, अर्धी जमिनीतच. एकच खिडकी, छताजवळ. बाहेरच्या गल्लीतून बघितलं तर ती माणसाच्या गुडघ्यापाशी येते. खोलीला मागच्या बाजूने वेगळं दारही होतं.

माझं काम आवाज देण्याचं. "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा," असं फोनवर सांगून तुम्हाला ताटकळत ठेवणारी जी बाई असते, तिला तुम्ही कधी शिव्या घातल्या असतील तर त्या बहुतेक मला पोचल्या आहेत. शिवाय कंपन्यांची ट्रेनिंग, बँकांच्या सूचना, मशीन कशी वापरावी याची माहिती, असं सगळं मी मराठीत वाचते. या धंद्यात एकच गोष्ट लागते, शांतता. आणि बंगळूरमध्ये तीच मिळत नाही. हॉर्न, कुकर, शेजारच्या प्लॉटवर बोअर मारणारं यंत्र. ती खोली बघितली आणि मी हरखून गेले. उन्हाळ्यातही गार, त्यामुळे पंख्याचीसुद्धा घरघर नको.

पद्माक्कांचं घराणं तीन पिढ्यांपासून इथलं. त्यांच्या मराठीत कानडी शब्द अधूनमधून येतच असतात. खोली दाखवताना म्हणाल्या, "आमचे हे शेवटची आठ वर्षं इथंच होते बघ. गुडघे गेलेले, जिना चढवेना. तुंबा शांत, अगदी शांत खोली. शेवटी स्वल्प खोकला झाला तेवढाच, पण वय झालेलं."

माझा नवरा निखिल बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हातात हातोडी घ्यायची वेळ आली की फोटो काढून ग्रुपवर टाकणारा माणूस. पण ती खोली त्याने एकट्याने तयार केली. चारी भिंतींना करडा फोम चिकटवला, दाराला रबराची पट्टी लावली, खिडकीच्या फटीत स्पंज कोंबून वरून सीलंट मारलं. शेवटी दार लावून घेतलं आणि माझ्या कानात कुजबुजला, "ऐक. काहीच ऐकू येत नाहीये." त्या दिवशी माझा वाढदिवस होता. एवढं सुंदर काही मला आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि हे मी आजही खरंच म्हणते. नऊ वर्षं, दिवसाचे सात-आठ तास, मी त्या खोलीत बसले.

ज्या दिवशी कळलं

माझा आजार पहिल्यांदा डॉक्टरांनी पकडला नाही. मुंबईच्या एका साउंड इंजिनियरने पकडला. "मॅडम, वाक्य संपताना एक बारीक शिट्टी येतेय. माइक चेक करा ना." मी माइक बदलला. शिट्टी गेली नाही. मग खोकला आला. बंगळूरमध्ये खोकला आला की तीनशे लोक सांगतात, इथली अ‍ॅलर्जी आहे, सगळ्यांना होते. मीही दोन महिने तेच म्हणत राहिले आणि खोकल्याच्या मधल्या फटीत रेकॉर्डिंग करत राहिले. वजन उतरलं तेव्हा तर खूशच झाले.

एक्स-रे, मग स्कॅन, मग सुई घालून काढलेला तुकडा. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "स्मोकिंग?" मी नाही म्हटलं. त्यांनी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं ते निखिलकडे बघून. निखिलने माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ, अर्धा क्षण त्याच्या डोळ्यांत शंका होती. पुढे यावरून मी त्याला भरपूर छळलं. पण त्या क्षणी मात्र मला त्या खुर्चीतच एकटं पडल्यासारखं झालं.

"मग मला का झालं?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "पक्कं सांगता येत नाही."

या चार शब्दांवर मी वर्षभर दात खाल्ले. एवढी मशीन्स, एवढ्या सुया, आणि उत्तर काय, तर सांगता येत नाही. परतताना निखिलला पार्किंगची चिठ्ठी सापडेना. तो सगळे खिसे उलटे करत होता. मला मात्र कडकडून भूक लागली होती. भूक लागल्याची लाज वाटली. वाटेत बेकरीतून आम्ही खारा बन, ते कांदा-मिरचीचे तिखट पाव, घेतले. कॅन्सर आहे हे कळल्यावर तासाभरात मी खारा बन खाल्ला आणि तो मला चांगला लागला. ज्यांना हे नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. चांगला लागला तर लागू द्या.

रेणुका

उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढला. त्यानंतर चार केमो. केमोचा वॉर्ड म्हणजे ओळीने मांडलेल्या खुर्च्या, मधे हिरवे पडदे आणि आवाज बंद केलेला टीव्ही. टीव्हीवर कानडी मालिकेतली सासू दिवसभर मुक्याने भांडत असायची.

माझ्या शिरा दुसऱ्याच केमोपासून रुसल्या. तिघी जणी टोचून गेल्या, चौथी आली ती रेणुका. निपाणीची, पंचविशीची. नाव वाचून सरळ मराठीत म्हणाली, "ताई, बोटं किती गार पडल्यात तुमची. थांबा की जरा." तिने गरम पाण्याची पिशवी आणली, हात तिच्यावर ठेवला आणि दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारल्या. "आता स्वल्प मूठ आवळा. हां, सरी सरी, बरोबर. झालंच बघा." खरंच झालं होतं. त्यानंतर दर वेळी मी आधी तिची ड्यूटी विचारायची आणि मगच तारीख ठरवायची.

तिची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. राहायला हॉस्टेल, एका खोलीत सहा जणी. "दिवसा झोपच मिळंना झालीया, ताई. एकीचा फोन, एकीचा मिक्सर. परवा औषधाचा डोस लिहिताना डोळा लागला माझा. भ्या वाटतंय कधी कधी." तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं माझ्याहून गडद होती.

मी म्हणाले, "माझ्याकडे खोली आहे. बंगळूरमधली सगळ्यात शांत खोली."

कारण तोवर आमचं निघायचं ठरलं होतं. निखिलने ऑफिसजवळ बेळ्ळंदूरला नवव्या मजल्यावर फ्लॅट बघितला होता. रोजच्या प्रवासातले चार तास वाचले असते आणि ते तास त्याला माझ्यासाठी हवे होते. आम्ही गेल्यावर मागची खोली वेगळी भाड्याने द्यायची, असं पद्माक्कांच्या मनात होतंच. मी दोघींची गाठ घालून दिली. रेणुका खोली बघायला आली, दार लावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "ताई, ही तर स्वर्गच की." रविवारी, महिन्याच्या पहिल्या तारखेला यायचं ठरलं. माझ्यावर उपकार केलेल्या माणसाची थोडी परतफेड झाली, म्हणून मी दोन दिवस खुशीत होते.

कोंडलेली

त्याआधीचे तीन-साडेतीन महिने मात्र मी त्याच खोलीत पडून काढले होते. माझी आई नागपूरहून आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पांढऱ्या पेशी कमी आहेत, गर्दी टाळा. आईने त्याचा अर्थ लावला की हवाच टाळा. धूळ नको, आवाज नको, माणूस नको, म्हणून तिने माझा पलंग मागच्या खोलीत लावला. रबराच्या पट्टीतून सुटलेली एक फट तिला दाराखाली सापडली, तिथे तिने जुन्या साडीची वळकटी ठेवली.

जिथे काम करायचं त्या खोलीची शांतता वेगळी आणि जिथे पडून राहायचं तिथली वेगळी. फोमच्या खोलीत हाक मारली तर आवाज तोंडापुढेच पडतो. बाहेर दिवस आहे की संध्याकाळ, कळत नाही. मला माझंच रक्त कानात वाहताना ऐकू यायचं. भिंतीवरचे फोमचे उंचवटे मी मोजायचे, चुकायचे, परत मोजायचे. श्वास लागला की वाटायचं, इथली हवा संपली. निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, "मनीषा, ते अ‍ॅन्क्झायटीमुळे होतं." असेलही. मी त्यावर वाद घातला नाही.

एकदा मात्र सुटले. "मला बाहेर काढ! मी मेलेली नाहीये अजून!" असं आईवर ओरडले.

"काहून ओरडून राहिली बाप्पा? तुझ्याचसाठी करून राहिली ना मी सगळं?" आई म्हणाली आणि निघून गेली. थोड्या वेळाने मी भिंतीला धरत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मिक्सर चालू होता. भांड्यात काहीच नव्हतं. आई ओट्याला टेकून रडत होती, तो आवाज झाकायला तिने मिक्सर लावला होता. मी तशीच मागे फिरले आणि मुकाट पलंगावर जाऊन पडले. प्रेमाने कोंडलेल्या माणसाला सुटायला जागाच नसते, कुणावर चिडणार?

त्या दिवसांत पद्माक्का रोज अकरा वाजता वरून पातळ सार पाठवायच्या. सलग सगळे दिवस. एकदाही चुकलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी त्यांच्याशी जे वागले तो या सारापुढे कृतघ्नपणाच ठरतो.

फाइल

चौथी केमो झाली, आई नागपूरला परतली. सामान बांधताना जुनी हार्ड डिस्क हाती लागली. माझा आवाज ऑपरेशननंतर भरडा झाला होता, म्हणून आधीचा कसा होता ते ऐकावंसं वाटलं. पलंगावर बसून हेडफोन लावला आणि हाताला येईल ती फाइल उघडली.

ती एका परदेशी कंपनीची होती, कामगारांसाठी. विषय होता, भाड्याच्या घरातली सुरक्षितता. गॅस झाला, वायरिंग झालं, जिने झाले. चौथा भाग लागला आणि माझाच आवाज, स्वच्छ, गोड, हसरा, मला सांगू लागला:

"रेडॉन वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो खडकातून आणि जमिनीतून येतो आणि फरशीच्या भेगांमधून घरात शिरतो. तळघरं आणि जमिनीलगतच्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांमध्ये तो साठतो. वर्षानुवर्षं अशा हवेत श्वास घेतल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घर भाड्याने घेण्यापूर्वी मोजणी झाली आहे का, हे अवश्य विचारा."

मी फाइल थांबवली. परत लावली. परत लावली.

हे मी याच खोलीत वाचलं होतं, आजाराच्या तीन वर्षं आधी. तो दिवस मला स्वच्छ आठवला. मी कंपनीला एकच शंका विचारली होती, उच्चार रेडॉन करायचा की राडॉन. आणि "अवश्य विचारा" दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं होतं, कारण पहिल्या वेळी आवाजात हसू कमी पडलं होतं. आमच्या धंद्यातली ही खोड आहे. श्वास कुठे घ्यायचा ते बघतो, अर्थ कुठे लागतो ते बघत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेत या म्हणीवर मला पाचपैकी पाच मार्क होते.

मग एकदम रेणुका आठवली. डोळे मिटून "स्वर्गच की" म्हणणारी.

लाल दिवा

निखिलला ती फाइल ऐकवली. तो अर्धी ऐकून उठला. "आपण निघतोय ना इथून? मग आता हे कशाला उकरतेस?"

"आणि रेणुका?"

तो बाहेर निघून गेला. मी त्याच्यावर खूप चिडले. मग भिंतीवरच्या फोमकडे लक्ष गेलं. एकेक तुकडा त्याने मोजून कापला होता, कोपऱ्यात कुठेही फट नव्हती. मग मला त्याची दया आली. तीन दिवस आम्ही फक्त भाजी कोणती आणि औषध घेतलं का, एवढंच बोललो. चौथ्या दिवशी त्याने बॅगेतून मुठीएवढा पांढरा डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्याचा एक सहकारी कॅनडात राहून आला होता. तिकडे घर घेताना लोक हे मोजतात, म्हणून त्याच्याकडे ते यंत्र होतं. "याला थोडे दिवस द्यावे लागतात," निखिल म्हणाला. मी त्याचा हात धरला. नऊ वर्षांपूर्वीचा वाढदिवस दोघांनाही आठवला असणार, पण त्याचं नाव कुणीच काढलं नाही.

खोलीत आम्ही काही बदललं नाही, दार-खिडकी होती तशीच ठेवली. आकडा रोज चढत गेला. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत जी मर्यादा दिली होती, तिच्या कितीतरी वर जाऊन थांबला आणि दिवा लाल झाला. मग तेच यंत्र आम्ही पुढच्या खोलीत ठेवलं, तिथे पिवळा. मग वर पद्माक्कांकडे, त्यांच्या शिलाईच्या खोलीत. त्यांना वाटलं डास मारायचं मशीन आहे. चार दिवसांनी म्हणाल्या, "मनीषा, एकही डास मेला नाही गं." तिथे दिवा हिरवा होता.

डॉक्टरांना विचारलं. "असू शकतं. हा धोका खराच आहे, आणि ही हवा कुणी घेऊ नये. पण तुमचा आजार त्यामुळेच झाला का, ते पक्कं सांगता येत नाही." परत तेच! मला गुन्हेगार हवा होता, नावगावासकट. मिळाली ती जमिनीतली हवा, जिच्यावर ओरडताही येत नाही.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी, मला जे समजलं ते साध्या शब्दांत सांगते. हा वायू दिसत नाही, त्यामुळे मोजण्यावाचून मार्ग नाही. जमिनीला लागून असलेली प्रत्येक खोली वाईट असते असं नाही, आणि चांगली असेलच असंही नाही. खिडक्या उघडल्या तर फरक पडतो, पण तो उघड्या असतील तेवढाच वेळ. भेगा बुजवतात. फरशीखाली पाइप घालून पंख्याने तिथली हवा ओढून गच्चीवर सोडतात, हा खरा इलाज. घर सोडून पळायलाच हवं असं नाही, घर सुधारता येतं. आणि घर बघायला जाल तेव्हा पाणी किती वेळ येतं हे विचारून झालं की हेही विचारा. मालक वेड्यात काढेल. काढू द्या.

पद्माक्का

वर जाऊन सगळं सांगितलं. पद्माक्का वाटाणे सोलत होत्या. हात थांबला.

"माझ्या घरात विष आहे म्हणतेस?"

"विष नाही अक्का. जमिनीतूनच येतं. तुमची चूक नाही यात."

"अख्खं बंगळूर दगडावर आहे की. सगळी माणसं मेली का? जाताजाता घराला नाव ठेवून चाललीस. एवढं सार पाठवलं गं मी तुला." मला वाटलं, जिन्यावरून खाली पडावं आणि विषयच संपावा.

मग रेणुकाला फोन करायचा होता. केला नाही. दोन दिवस केला नाही, हे कबूल करते. स्वतःला सांगत होते, पद्माक्का समजून घेतील, त्याच सांगतील. खरं म्हणजे मला दोघींपैकी एकीच्याही नजरेतून उतरायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी केला.

रेणुका हसली. "ताई, दिसत न्हाई, वास न्हाई, आन् मी भ्यायचं? हॉस्टेलात सहा जणी हाय आम्ही. मला झोप पायजे, ताई. झोप न्हाई मिळाली तर माझ्या हातनं एखादा पेशंट जाईल. मी येणार रविवारी."

तिचंही खरं होतं. तो शुक्रवार होता. आमचं सामान शनिवारी हलणार होतं. मी नवव्या मजल्यावर जाऊन मोकळी हवा खाणार आणि माझी रेणुका या भिंतींत झोपणार, तेही माझ्या शब्दावर. पलंगावर पडून कोंडल्यासारखं व्हायचं, त्याच्या दुप्पट कोंडलेली मी होते, आणि दार तर उघडं होतं.

खिडकी

शनिवारी सकाळी टेम्पो यायच्या आधी मी मागच्या खोलीत शेवटचं खोकं बांधत होते. पद्माक्का घरातून आल्या. तीन पायऱ्या उतरल्या नाहीत, वरच्या पायरीवरच बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो डबा इथं लाल झाला?"

"हो."

"आणि माझ्या शिलाईच्या खोलीत?"

"हिरवा."

मग म्हणाल्या, "हे आठ वर्षं इथं झोपले. मीच म्हटलं, वर चढू नका, खाली थंडगार आहे. खोकला झाला तर डॉक्टर म्हणाले वयाचा आहे. कुणी छातीचा फोटोबिटो काढला नाही. वारं बाधेल म्हणून मी खिडकी घट्ट लावून घ्यायची." आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्यामुळं गेले का गं?"

तेव्हा कुठे मला कळलं की त्या दिवशी वाटाण्यांच्या ताटापाशी त्या घराच्या नावासाठी चिडल्या नव्हत्या.

माझा धंदाच वाक्यं बोलण्याचा. धीर देणारं, हसरं, गंभीर, हवं तसं वाक्य मी वाचून दाखवू शकते. "नाही हो अक्का, छे," हे मी इतकं छान म्हटलं असतं की त्यांनाही पटलं असतं. पण ते खोटं असतं आणि उद्या रविवार होता.

"अक्का, पक्कं सांगता येत नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही सांगता येणार."

"खरं बोलतेस, की समाधान करतेस?"

"खरं बोलतेय. मलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं. मी वर्षभर त्यांच्यावर चिडून आहे."

त्या रडल्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. डॉक्टर टाळत नव्हते, हे मला त्या पायरीवर कळलं. त्यांच्याजवळ जेवढं खरं होतं तेवढं त्यांनी दिलं होतं.

मग अक्कांनी डोळे पुसले, "सरी," म्हणाल्या आणि तिथूनच फोन लावला. "रेणुका, पद्माक्का बोलतेय. खालची खोली मिळायची नाही. दुरुस्ती काढलीय. तू वर ये, माझ्या शिलाईच्या खोलीत. नाही बिही ऐकणार नाही. दिवसा तू झोपशील तेव्हा मी कुकर लावायची नाही, भात पातेल्यात करीन. उद्या ये."

फोन ठेवून त्या उठल्या, आमच्या स्वयंपाकघरातल्या उघड्या खोक्यातून त्यांनी माझं उलथनं उचललं आणि खोलीत उतरल्या. स्टुलावर चढू नका म्हणून मी ओरडले, पण ऐकतील तर त्या पद्माक्का कसल्या. निखिलने मारलेलं सीलंट त्या उलथन्याने खरवडायला लागल्या. मी स्टूल धरून उभी. दमल्या की मी चढायची, मला धाप लागली की परत त्या. स्पंजचे तुकडे आमच्या डोक्यावर पडत होते. टेम्पो आला तसा निखिल आम्हाला शोधत खाली आला. दारातच थांबला. मग त्याने भिंतीवरच्या फोमचा एक कोपरा पकडला आणि ओढला.

खिडकीची एक फळी कुरकुरत उघडली. हवा आली, धूळ आली, आणि गल्लीतून पालेभाजीवाल्याची हाक आली, लांबलचक, घसा ताणून, "सोप्पू… सोप्पू…" नऊ वर्षांत त्या खोलीत मी बाहेरचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

पद्माक्का स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या, उलथनं हातात. हाक लांब जाईपर्यंत ऐकत राहिल्या.

"यांना हा सोप्पूवाला फार आवडायचा," त्या म्हणाल्या. "रोज म्हणायचे, पद्मा, खिडकी उघडी ठेव ना गं."